बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

मोटरसायकलला बाहेरचा ईसीयू (इंजिन कंट्रोल युनिट) बसवला, पिकअप सुधारला. पण दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करतो. गॅरेजमधला पहिला सल्ला ठरलेला असतो: बॅटरी गेली, नवी टाका. एवढ्यात टाकू नका. करंट गळत असेल तर नवी बॅटरीही तितक्याच दिवसांत उतरेल. पुढचे दर पुण्याच्या बाजाराचे, तेही ठोकळमानाने.

सुरुवात फुकटच्या कामापासून. ईसीयू बसवताना बॅटरीचं टर्मिनल बहुतेक वेळा सोडलेलं असतं. निगेटिव्हचा बोल्ट ढिला राहिला तरी हीच लक्षणं दिसतात, म्हणून आधी तो आवळा.

मग मीटर. साधा डिजिटल मल्टीमीटर तपकीर गल्लीत 400 ते 700 रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी. 12 च्या खाली असेल तर ती जवळजवळ रिकामी. आता गळती मोजायची. चावी बंद करून काढून घ्या, मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या सॉकेटमध्ये घाला, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडा. पाच-दहा मिनिटं थांबा, कारण काही मॉड्यूल चावी काढल्यावरही थोडा वेळ जागे असतात. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ तर मुळीच मारायचा नाही. मीटरचा फ्यूज उडेल, फ्यूज नसेल तर मीटरच जळेल.

आकडा शून्याजवळच राहिला, म्हणजे गळती दोन-चार मिलिअँपिअरचीच असेल, तर काळजी नाही. 50 दिसले तर हिशोब करा: दिवसाला 1.2 अँपिअर-अवर. अशा मोटरसायकलींत साधारण 8 अँपिअर-अवरची बॅटरी असते. तीन दिवसांत त्यातला निम्म्याजवळचा साठा जातो आणि सेल्फ रडू लागतो. किक नाही, आणि धक्का मारावा तर इंधनपंपालाही व्होल्टेज लागतंच.

ईसीयूचा कपलर काढून पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर गळती तिथेच आहे. याचं नेहमीचं कारण फिटिंगमध्ये सापडतं: मॉड्यूलची सप्लाय वायर सोयीसाठी थेट बॅटरीवर किंवा कायम चालू असलेल्या लाइनवर टॅप केलेली असते. ती चावीनंतर चालू होणाऱ्या लाइनवर घेतली की काम झालं. ऑटो इलेक्ट्रिशियन याचे 300 ते 600 रुपये घेतो, रिले लागला तर सॉकेटसह आणखी 150 ते 250. पण हे पैसे तुम्ही का द्यावेत? ज्याने फिटिंग केली त्याच्याकडे आधी जा. चूक वायरिंगची असेल तर दुरुस्ती त्याने मोफत करायला हवी. यासाठीच फिटिंगच्या दिवशी पक्कं बिल घ्यायचं असतं. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

ब्लूटूथवर ट्यूनिंग करायचा तुकडा कायमचा लावून ठेवला असेल तर तोही काढून मोजा. जीपीएस ट्रॅकर आणि अलार्म हे जुने संशयितही विसरू नका.

गळती नाही, तरी बॅटरी उतरते? मग चार्जिंग तपासा. केबल पुन्हा घट्ट जोडा, गाडी चालू करा, चार-पाच हजार आरपीएमला बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट यायला हवेत. कमी येत असतील तर आधी कपलर आणि अर्थिंग, मग आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिट. हे युनिट गाडीनुसार 1,200 पासून 3,500 पर्यंत जातं, म्हणून अंदाजाने बदलू देऊ नका.

गळती थांबल्यावर जुनी बॅटरी 0.8 अँपिअरवर सावकाश चार्ज करून घ्या. दुकानात 100 रुपयांच्या आसपास लागतात. दुसऱ्या दिवशी लोड टेस्ट करून मागा. पास झाली तर नवीचे 1,300 ते 2,200 रुपये वाचले. नापास झाली तर जुनी बॅटरी भंगारात टाकू नका, नवी घेताना त्याच दुकानदाराला द्या. शिशाच्या भावापोटी बिलातून थोडे पैसे कमी होतात.