फळीआधी कोबा बघा

पुण्यातल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात, हॉलला सागवानी फळ्या बसल्या त्या मे महिन्यात. आषाढ सरेपर्यंत जवळजवळ प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा वर आल्या होत्या. नुसतं उभं राहून बघितलं तर फारसं जाणवायचं नाही. पण संध्याकाळी ढग फाटून खिडकीतून तिरपं ऊन आत आलं की सगळी जमीन पन्हळी पत्र्यासारखी दिसे आणि अनवाणी चालताना सांधा न् सांधा तळव्याला लागे.

लाकूड उत्तम होतं. जुनी फरशी उखडून खाली दोन इंची नवा कोबा केला होता आणि तो पुरता वाळण्याआधीच कंत्राटदाराने त्यावर प्लाय ठोकून फळ्या बसवल्या. कोबा वरून आठ-पंधरा दिवसांत वाळल्यासारखा दिसतो. आतलं पाणी निघायला मात्र ढोबळ हिशेबाने इंचाला एक महिना लागतो, तोही हवा कोरडी असेल तर. ते पाणी प्लायमधून वर चढलं आणि फळीची खालची बाजू फुगली. वरची बाजू पॉलिशखाली तशीच राहिली, म्हणून कडा उचलल्या.

मशीन मारून लगेच सपाट करून देतो, असं दुकानदाराचं म्हणणं पडलं. आमच्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्या सुतारकाकांनी ते थांबवलं. गुडघ्यावर बसून त्यांनी फळीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, आता रंधा नको. दिवाळी जाऊ द्या, लाकूड सुकेल तसं बसेल." फुगलेल्या कडा आत्ताच घासल्या तर फळी सुकल्यावर त्या खोल जातात आणि मधला भाग कायमचा उंच राहतो. थंडी संपता संपता बऱ्याच फळ्या खरंच बसल्या. बाथरूमच्या भिंतीलगतच्या मात्र बदलाव्या लागल्या, कारण तिथे भिंतीतूनच ओल येत होती.

म्हणून लाकडी जमीन करायची असेल तर आधी खालची ओल तपासा, रंग आणि पॉलिश मग निवडा. दीड फुटी चौकोनी प्लास्टिकचा कागद कोब्यावर ठेवून चारही कडा पट्टीने घट्ट चिकटवा आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी आतून थेंब जमले किंवा खालचा कोबा काळपट पडला, तर काम थांबवा. ही झाली घरगुती चाचणी. बसवणाऱ्याकडे ओल मोजायचं मीटर हवंच, आणि फळी व खालचा प्लाय दोन्हींची मोजणी तुमच्यासमोर व्हायला हवी. अरुंद पट्ट्यांना दोन्हींत 4 टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही, तीन इंच आणि त्याहून रुंद फळीला तर 2 टक्केच. फळ्या आणल्या की गठ्ठे सोडून त्याच खोलीत काही दिवस हवेशीर रचून ठेवा. भिंतीलगत फळीच्या जाडीइतकी फट सोडायला लावा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. घाईचा कारागीर नेमकी हीच फट खातो.

"आजोबांच्या चाळीत शंभर वर्षं लाकडी जमीन टिकली," असं पुष्कळ जण सांगतात. टिकली, खरं आहे. पण त्या फळ्या तुळयांवर होत्या, त्यांना खालूनही हवा मिळे. सिमेंटवर दाबून बसवलेल्या फळीच्या नशिबी ती हवा नाही.

दुकानात वरचा रंग बघून हुरळू नका, नमुन्याचं कापलेलं टोक बघायला मागा. अख्ख्या लाकडाच्या फळीत रेषा वरपासून खालपर्यंत जातात. इंजिनिअर्ड फळीत प्लायवर खऱ्या लाकडाचा थर असतो. तो तीन-चार मिलिमीटर असेल तर एखाद-दोनदा घासून नवा करता येतो, कागदाइतका पातळ असेल तर एकदाही नाही. तरीही पुण्या-मुंबईच्या हवेत जाड थराची इंजिनिअर्ड फळीच मला जास्त भरवशाची वाटते, कारण प्लायचे आडवे-उभे थर एकमेकांना हलू देत नाहीत. लॅमिनेटवर तर लाकडाचं नुसतं छापील चित्र असतं. चार-सहा फळ्या शेजारी मांडा, तीच गाठ पुन्हा दिसेल.

विक्रेता कठीणपणाचे आकडे ऐकवतो. ओक सागाहून कठीण असतो, हे बरोबर. पण आपल्याकडे एप्रिलच्या कोरड्या दुपारपासून श्रावणातल्या दमट हवेपर्यंत लाकूड आकसतं आणि फुगतं, आणि त्यात साग कमी हलतो. त्यातही टोकाला वलयांच्या रेषा उभ्या दिसणारी फळी निवडा. आडव्या रेषांच्या फळीपेक्षा ती रुंदीत साधारण निम्मीच हलते. फळीत पांढरट पट्टा असेल तर नाकारा. ते बाहेरचं कच्चं लाकूड असतं आणि सागाचं असलं तरी त्याला वाळवी लागते.

शेवटी घरातल्या सवयींचा विचार करा. बादलीभर पाण्यात फिनेल घालून रोज फरशी पुसायची रीत लाकडाला सोसत नाही. कामाच्या मावशींना पहिल्याच दिवशी समजावून सांगा: आधी कोरडा झाडू, मग घट्ट पिळलेलं फडकं, आणि पाणी सांडलं तर लगेच टिपायचं. स्वयंपाकघर, देवघर आणि बाल्कनीच्या दारालगतची पट्टी इथे फरशीच ठेवा. तेल, हळद आणि पावसाची झड तिथे रोजची. आम्ही आता दारापाशी दोन फूट कोटा लावला आहे आणि त्याच लॉटच्या सहा-सात फळ्या माळ्यावर राखून ठेवल्या आहेत, कारण पुढे तोच रंग आणि तीच जाडी मिळेल याची खात्री कुणी देत नाही.