मधुमेह आणि नियमित तपासणी : शरीराचेही आत्मपरीक्षण

रात्री झोपण्यापूर्वी दिवसभराच्या विचारांचा आणि वागण्याचा हिशेब घ्यावा, हे साधकाला वेगळे सांगावे लागत नाही. दोष वाढत असतो तेव्हा तो बोचत नाही, म्हणून तो शोधावा लागतो. मधुमेहाचेही असेच आहे. रक्तातील वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंड, नसा आणि हृदय यांना वर्षानुवर्षे इजा करीत राहते आणि बराच काळ काहीच दुखत नाही. म्हणून ‘मला त्रास नाही, मग तपासणी कशाला?’ असे म्हणणे धोक्याचे आहे. तपासणी त्रास सुरू होण्यापूर्वी करायची असते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. अंगाने बारीक माणसालाही तो होतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये आपला आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी छापून दाखवले की, उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, पण भारतीय शरीरात चरबी दुपटीहून अधिक होती. रायपूरला समता कॉलोनीत राहणाऱ्या आपल्या मराठी घरांत तर वरण-भाताच्या जोडीला छत्तीसगडचा चिला आणि फराही आला. म्हणजे तिन्ही पदार्थ तांदळाचेच.

दोन दिवसांचा संयम

पुष्कळ जण तपासणीच्या आधी दोन दिवस गोड सोडतात, लवकर झोपतात आणि उपाशीपोटीची साखर बरी आली की निश्चिंत होतात. परंतु ‘एचबीए१सी’ ही तपासणी अशी फसत नाही. तांबडी रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिला साखर चिकटत जाते. त्यामुळे हा आकडा मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. संयम दाखवण्यापुरता होता की अंगवळणी पडला होता, हे त्यातून कळते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. छत्तीसगड आणि विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेल किंवा रक्तक्षय असल्यास हा आकडा चुकीचा येऊ शकतो. तसे असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे ते दुसरी तपासणी सुचवतील.

कोणती तपासणी केव्हा?

१. एचबीए१सी : साखर आटोक्यात असेल तर वर्षातून दोनदा, नसेल किंवा औषध बदलले असेल तर दर तीन महिन्यांनी.
२. रक्तदाब आणि वजन : प्रत्येक भेटीत.
३. डोळ्यांचा पडदा : साधारणपणे वर्षातून एकदा, बाहुली मोठी करणारे थेंब घालून. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. थेंबांमुळे काही तास अंधुक दिसते, म्हणून सोबत कोणाला तरी न्यावे.
४. मूत्रपिंड : वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन.
५. पाय : वर्षातून एकदा डॉक्टरांकडून संवेदना तपासून घ्यावी, घरी मात्र रोज तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा वापरावा.
६. कोलेस्टेरॉल व दात : वर्षातून एकदा तरी.

साधकाने घ्यावयाची काळजी

नवरात्र किंवा एकादशीचा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. इन्सुलिन आणि काही गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकदम उतरते. घाम येतो, हात थरथरतात, शुद्धही हरपू शकते. साबुदाण्याने साखर वेगाने चढते, हेही ध्यानात असू द्यावे. शुद्ध हरपण्यापूर्वीच साखर किंवा ग्लुकोज घेणे म्हणजे व्रतभंग नव्हे. तो जीवनाचा मान आहे.

रायपूरच्या मे महिन्यात मंदिराच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालताना बधिर पायांना चटका कळत नाही. फोड दिसतो तो दुसऱ्या दिवशी. सकाळी लवकर जावे किंवा मोजे घालावेत.

ध्यान, प्राणायाम आणि रोजचे चालणे यांनी मन शांत राहते, शरीरालाही मदत होते. मात्र एखादा आकडा चांगला आला म्हणून आपल्या मनाने औषध बंद करणे हा श्रद्धेचा मार्ग नाही. आकडा औषधामुळेच चांगला आलेला असू शकतो.

आजचा संकल्प

तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य तपासले जातात. पुढील उपचारांसाठी शहरात आंबेडकर रुग्णालय आणि टाटीबंधचे एम्स आहे. उणीव असते ती तारीख ठरवण्याची. डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांची वार्षिक तपासणी आपल्या वाढदिवसाच्या महिन्यात करावी, म्हणजे ती विसरत नाही. सर्व अहवाल तारखेप्रमाणे एका वहीत चिकटवावेत आणि ती वही घरातील एका व्यक्तीला दाखवून ठेवावी. सेवेसाठी मिळालेल्या शरीराची निगा राखणे हीसुद्धा साधनाच आहे.