पावसाळ्यापूर्वी लहान इंजिनांतील इंधनाची व्यवस्था

ठाण्याची खाडी व कल्याण-डोंबिवलीस लागून वाहणारी उल्हास नदी यांच्या काठच्या गावांतून भातशेती, भाजीचा मळा आणि लहान होडी ही तिन्ही एकाच घरी असणे ही जुनी रीत आहे. अशा घरी आता बहुधा दोन लहान पेट्रोल इंजिनेही असतात : एक होडीच्या पाठीमागे लावावयाचे व दुसरे मळ्यास पाणी देणाऱ्या पंपाचे. मृगाचा पाऊस सुरू झाला की दोन्ही विसाव्यास जातात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांस १ जून ते ३१ जुलैपर्यंत मासेमारीची मनाई असते. पंपाची गरज तर भातकापणी होऊन मळा लागेपर्यंत पडतच नाही. म्हणजे एक इंजिन दोन महिने व दुसरे चार-पाच महिने पडून राहते.

चालत्या इंजिनाची निगा सर्वच राखतात. पडून असलेल्याकडे मात्र कोणी पाहत नाही. मग नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात लोटावी आणि दोरी ओढून हात दुखले तरी इंजिनाने दाद देऊ नये, किंवा मिरचीच्या रोपांस पहिले पाणी द्यावयाच्या दिवशीच पंप मुका राहावा, असे प्रसंग येतात. अशा वेळी दोष बहुधा इंजिनाचा नसून त्यात राहू दिलेल्या इंधनाचा असतो.

पेट्रोल का बिघडते ?

याची कारणे दोन. पहिले असे की, पेट्रोलमधील हलका भाग उडून जातो व उरलेल्या भागावर हवेचा परिणाम होऊन त्याचा चिकट राप बनतो. कार्बुरेटरमधील जेटाचे भोक मिलिमीटरापेक्षाही बारीक असल्याने एवढासा राप ते बुजविण्यास पुरतो.

दुसरे कारण पाण्याचे. उसापासून व धान्यापासून निघणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रमाण आपल्या देशात २०२२ साली १० टक्क्यांवर व २०२५ साली २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. थोडे पाणी त्यात विरून जाते. पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे फुटतात व जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी बसतात. इंधन ओढणारी नळीही तळाशीच असते. म्हणून इंजिनास पहिला घोट मिळतो तो या पाण्याचा. त्याने इंजिन चालू तर होत नाहीच, शिवाय कार्बुरेटरचा धातू गंजतो. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ही भीती फार मोठी आहे. एकदा फुटलेले पेट्रोल कोणतेही औषध घालून सुधारत नाही.

यावरून आमचा नियम एवढाच : महिन्याहून अधिक काळ पडून राहावयाचे पेट्रोल इंजिन रिकामे ठेवावे, डिझेल इंजिनाची टाकी मात्र भरून ठेवावी. अर्धी टाकी कोणासही हितकर नाही.

पेट्रोल इंजिनाची कृती

१. होडीचे इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात, पाणी ओढणारी भोके पूर्ण बुडतील असे टांगावे व उघड्या जागी दहा मिनिटे मंद चालवावे. त्याने आतील खार धुऊन निघतो. नंतर ते चालू असतानाच इंधनाची नळी सोडवावी, म्हणजे कार्बुरेटरमधील पेट्रोल जळून इंजिन आपोआप थांबेल. पंपाचे इंजिन तोटी बंद करून असेच थांबवावे. मात्र पंपात पाणी भरलेले असावे. दोन्ही इंजिने पाण्यावाचून क्षणभरही चालवू नयेत.

२. इंजिन पूर्ण निवल्यावर कार्बुरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढावे.

३. टाकी, नळी व होडीच्या नळीवरील रबरी फुगा रिकामा करावा. गाळणी धुऊन वाळवावी. नळी वाकवून पाहावी. चिरा दिसल्यास बदलावी, कारण इथेनॉलने जुने रबर लवकर खराब होते.

४. इंजिन बंद करण्याचे बटण दाबून प्लग काढावा, लहान चमचाभर इंजिनतेल भोकात सोडावे व दोरी सावकाश तीन-चार वेळा ओढून प्लग पुन्हा बसवावा. पेट्रोलात तेल मिसळून चालणाऱ्या इंजिनास याची विशेष गरज आहे, कारण इंधन संपताना त्याचे वंगणही संपलेले असते.

५. होडीचे इंजिन उभेच ठेवावे, म्हणजे आतील पाणी निथळून जाते. वर कापड घालावे. प्लास्टिकमध्ये गुंडाळल्यास ओल आत कोंडते.

कार्बुरेटरऐवजी इंजेक्शन असलेली नवी इंजिने अशी कोरडी चालवू नयेत. त्यांचा इंधनपंप बिघडतो. तेथे कारखान्याची पुस्तिका प्रमाण मानावी.

डिझेलची गोष्ट निराळी

चिखलणी आटोपली की पॉवर टिलर विसाव्यास जातो. त्याची टाकी रिकामी केल्यास पंपात व नळ्यांत हवा शिरते आणि गंजही चढतो. अर्धी ठेवल्यास वरच्या मोकळ्या जागेतील दमट हवेचे पाणी होऊन तळाशी साचते, व पाणी आणि डिझेल यांच्या सांध्यावर सूक्ष्म जीव वाढून गाळणी बुळबुळीत गाळाने भरते. म्हणून तळातील पाणी प्रथम काढून टाकी काठोकाठ भरावी.

सावधगिरी

हे काम चूल, दिवा व विडी यांपासून दूर, उघड्यावर करावे. नळीस तोंड लावून पेट्रोल ओढू नये. काढलेले पेट्रोल धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यान्वये विक्रीसाठी नसलेले पेट्रोलही परवान्यावाचून एका जागी ३० लिटरांहून अधिक ठेवता येत नाही. आम्ही तर म्हणू की राहत्या घरात एक लिटरही ठेवू नये. ताजे, तेल न मिसळलेले व स्वच्छ पेट्रोल मोटारसायकलीत लागलीच वापरून टाकावे. गढूळ झालेले किंवा दोन थर दिसणारे पेट्रोल कामास घेऊ नये; ते गॅरेजात सोपवावे. विहिरीत, बांधावर किंवा खाडीत ते ओतणे म्हणजे आपलेच पाणी व आपलीच मासळी नासविणे होय.

हंगाम उघडल्यावर ताजे पेट्रोल घालावे व नळ्यांचे सांधे तपासून मगच दोरी ओढावी. जेट बुजलाच तर तार किंवा सुई घालू नये, भोक मोठे होते. हवेच्या झोताने तो साफ करावा.

या साऱ्या कामास एका सकाळीपेक्षा अधिक वेळ लागत नाही. ती सकाळ मे महिन्याच्या अखेरीस काढावी, अशी वाचकांस आमची आग्रहाची सूचना आहे. पाऊस पडू लागल्यावर लावणीच्या घाईत ती सापडणार नाही.