बोलण्यातले दागिने

अलंकार म्हणजे दागिना. नथ, बुगडी, जोडवी हे अंगावरचे अलंकार. भाषेलाही असे अलंकार असतात. साधी गोष्ट नटवून सांगितली म्हणजे ती ऐकणाऱ्याच्या मनात ठसते. नटवून सांगण्याच्या या निरनिराळ्या तऱ्हांनाच भाषेचे अलंकार म्हणतात.

नाव ऐकून बिचकू नका. अलंकार ही काही एकट्या पंडितांची मिरास नव्हे. आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत मुलांना अलंकार शिकविले. मुले व्याख्या घोकून पाठ करीत. पण त्यांच्या घरी आजीच्या तोंडी उभ्या दिवसात दहा अलंकार येत, आणि आजीला एकाचेही नाव ठाऊक नसे. तुमचेही तसेच आहे. वस्तू तुमच्याजवळ आहे, फक्त नाव शिकावयाचे आहे. आज आपण सहा अलंकार ओळखू. ते ओळखून फायदा काय, तेही शेवटी पाहू.

१. उपमा

"भाकरी कशी कापसासारखी मऊ झाली आहे!"

येथे भाकरीची कापसाशी तुलना केली. जिच्याविषयी बोलावयाचे ती भाकरी. तिला उपमेय म्हणतात. तुलनेसाठी आणला तो कापूस. त्याला उपमान म्हणतात. मऊपणा दोघांत आहे. "सारखी" या शब्दाने दोघांना जोडले. सारखा, जसा, प्रमाणे, गत, वाणी असे शब्द दिसले की थांबावे. तेथे उपमा असण्याचा संभव असतो.

पण प्रत्येक ठिकाणी असेलच असे नाही. "कालच्यासारखाच आजही पाऊस पडला" ही उपमा नव्हे. ती नुसती बरोबरी झाली. उपमेत दोन वस्तू निराळ्या जातीच्या लागतात. कुठे भाकरी आणि कुठे कापूस! तरी त्यांत एक गुण सारखा सापडतो, यातच उपमेची गोडी आहे.

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचीत. संसाराला त्यांनी चुलीवरच्या तव्याची उपमा दिली. त्यांच्या गाण्यांचे पुस्तक १९५२ साली निघाले आणि भल्याभल्या विद्वानांनी त्याचे कौतुक केले. उपमा सुचायला पुस्तक लागत नाही, डोळे उघडे लागतात.

२. उत्प्रेक्षा

"चांदण्यात ज्वारीचे शेत असे दिसे, जणू कोणी मोती वाळत घातले आहेत."

येथे "सारखे" म्हटले नाही, "जणू" म्हटले. उपमेय हे जणू काय उपमानच आहे, अशी कल्पना केली. जणू, जणूकाय, वाटे हे शब्द या अलंकाराची खूण आहेत.

३. रूपक

"बैल म्हणजे शेतकऱ्याचा उजवा हात."

आता "सारखा" गेला आणि "जणू"ही गेला. बैल आणि हात एकच करून टाकले. याला रूपक म्हणतात. उपमेत दोन वस्तू शेजारी शेजारी बसतात. रूपकात त्या एकमेकींत मिसळतात. खुणेचा शब्द नसल्यामुळे रूपक ओळखणे जरा अवघड जाते. म्हणून मनाशी विचारावे, "हे शब्दशः खरे आहे काय?" बैल काही खांद्याला जोडलेला नसतो. म्हणजे हे रूपक.

४. चेतनागुणोक्ती

नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा आहे. निर्जीव वस्तू जिवंत माणसासारखी वागते असे सांगणे म्हणजे चेतनागुणोक्ती. "विहीर आटली" हे साधे वाक्य. "विहिरीने आमच्याकडे पाठ फिरवली" ही चेतनागुणोक्ती. "यंदा पाऊस रुसला" हीदेखील तीच.

५. अतिशयोक्ती

"बाजारात मुंगी शिरायला जागा नव्हती." गर्दी होती हे खरे, पण मुंगीला जागा असतेच. गोष्ट वाढवून सांगितली. मात्र सांगणारा फसवीत नाही आणि ऐकणाराही फसत नाही. दोघांनाही ठाऊक असते की हे वाढवून सांगणे आहे. हा समज दोघांत असेल तरच तो अलंकार. एकालाच ठाऊक असेल, तर ती थाप.

६. श्लेष

"विहिरीत पाणी हवे, तसे गड्यातही पाणी हवे." विहिरीतले पाणी निराळे आणि गड्यातले पाणी म्हणजे धमक निराळी. एकाच शब्दाचे दोन अर्थ निघाले. हा श्लेष. गावातल्या थट्टामस्करीत श्लेष फार सापडतो.

अलंकार एवढेच नाहीत. भरतमुनींच्या नाट्यशास्त्र या जुन्या संस्कृत ग्रंथात चार अलंकार सांगितले आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे ते वाढत वाढत शंभरावर गेले. ज्ञानेश्वरांनी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. अवघड विचार सर्वांना कळावा म्हणून त्यांनी घरातले, शेतातले, आकाशातले असंख्य दाखले दिले. अलंकाराचे खरे काम हेच. तो नुसत्या शोभेसाठी नसतो. न दिसणारी गोष्ट तो डोळ्यांपुढे उभी करतो.

झिजलेले अलंकार

काही अलंकार इतके वापरले गेले की आता ते अलंकार आहेत हे ध्यानातही येत नाही. खाटेचे पाय, करवतीचे दात, नदीचे मुख, डोंगराचा पायथा. खाट काही चालत नाही आणि करवत काही जेवत नाही. कोणे एके काळी कोणाला तरी ही कल्पना सुचली असेल. लोकांना ती आवडली, आणि बोलून बोलून ती जुन्या नाण्यासारखी गुळगुळीत झाली.

ओळखून फायदा काय?

आता मुद्द्याचे. अलंकार बोलण्यात शोभतो, गाण्यात शोभतो. व्यवहाराच्या कागदात मात्र साधा शब्द पाहावा.

समजा, एखाद्याला पैशाची नड आहे. पैसे देणारा गोड बोलतो, "अहो, तुम्ही माझे भाऊच! तुमची जमीन माझ्या घरी लेकीसारखी नांदेल. पैसे आणा आणि घेऊन जा." यात "भाऊच" हे रूपक आणि "लेकीसारखी" ही उपमा. ऐकायला बरे वाटते. पण कागदावर काय लिहिले आहे? "गहाणखत" लिहिले आहे की "खरेदीखत"? या दोन शब्दांत अलंकार नाही. गहाणखतात कर्ज फेडून जमीन सोडविण्याचा हक्क राहतो. खरेदीखताने जमीन विकली जाते. जमीन परत देण्याची अट असेल, तर ती त्याच कागदात लिहिलेली हवी. तशी ती नसेल, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे तो व्यवहार गहाण मानला जात नाही. "लेकीसारखी नांदेल" हे शब्द हवेत विरून जातात. सही राहते, आणि लेक सासरी गेली ती गेलीच!

दुसरे उदाहरण बियाण्याचे. जाहिरातीत लिहितात, "मूठभर पेरा, गाडीभर सोने न्या!" ही अतिशयोक्ती. ती वाचून हसावे आणि पिशवी फिरवून चिठ्ठी वाचावी. १९६६ च्या बियाणे कायद्याने उगवणशक्ती आणि शुद्धता यांच्या मर्यादा ठरविण्याची आणि चिठ्ठी लावण्याची तरतूद केली आहे. चिठ्ठीवर बियाण्याची जात, उगवणीचे शेकडा प्रमाण आणि मुदत पाहावी. शंका वाटली तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे आणि काही दिवसांनी कोंब मोजावे. सोन्याची गाडी मोजता येत नाही, कोंब मोजता येतात.

म्हणून एवढे ध्यानात ठेवा. कोणी काही सांगितले, की मनाशी विचारावे: यातले शब्दशः खरे किती आणि दागिना किती? दागिना असला म्हणून रागावू नये, त्याचे कौतुकच करावे. पण सही करताना आणि पैसे मोजताना दागिना बाजूला काढून ठेवावा, आणि उरलेले वाक्य पुन्हा एकदा वाचावे. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. हे काम दुसऱ्यावर सोपविण्याचे कारण उरलेले नाही.

स्वाध्याय

पुढील वाक्ये मोठ्याने वाचा. अलंकार असेल तर त्याचे नाव वहीत लिहा. नसेल तर "साधे वाक्य" असे लिहा.

१. पोराचा आवाज घंटेसारखा खणखणीत आहे.
२. आई म्हणजे घराचा आधारवड.
३. माझा सदरा दादाच्या सदऱ्यासारखाच आहे.
४. एवढा रडला की घरात पूर आला.
५. रात्रभर वारा दार ठोठावीत होता, "आत घ्या" म्हणत होता.
६. कर्जाची फेड दरमहा दहा तारखेला करावयाची आहे.

उत्तरे: १ उपमा, २ रूपक, ३ साधे वाक्य, ४ अतिशयोक्ती, ५ चेतनागुणोक्ती, ६ साधे वाक्य, आणि ते दोनदा वाचावे!

घरचा अभ्यास: घरातल्या वडीलधाऱ्या माणसांचे बोलणे दोन दिवस लक्ष देऊन ऐका. त्यातले तीन अलंकार वहीत उतरवा आणि ते त्यांनाच वाचून दाखवा.