काळाचे मोल : 'रोकॅनन्स वर्ल्ड'मधील नॉर्स पुराणकथा आणि विज्ञान

१. प्रास्ताविक

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्यातील सीमारेषा आपल्याकडे बहुधा शक्यतेच्या निकषावर आखली जाते. ज्ञात वैज्ञानिक नियमांशी कल्पना सुसंगत असेल तर ती विज्ञानकथा आणि त्या नियमांची बंधने तिने झुगारली असतील तर ती अद्भुतकथा, अशी ही ढोबळ विभागणी आहे. अध्यापनाच्या दृष्टीने ती सोयीची असली तरी हे दोन्ही प्रकार एकाच कृतीत नांदू लागले की तिच्या मर्यादा जाणवू लागतात. अशा मिश्र कृतीला 'विज्ञान-अद्भुतिका' म्हणता येईल. तिच्या संदर्भात, 'हे शक्य आहे काय?' या प्रश्नापेक्षा 'येथे विज्ञान आणि पुराणकथा परस्परांचे काय करतात?' हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न उर्सुला ले ग्विन (१९२९–२०१८) या अमेरिकन लेखिकेच्या 'रोकॅनन्स वर्ल्ड' या पहिल्या प्रकाशित कादंबरीच्या आधारे विचारला आहे. ही कादंबरी १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा प्रारंभीचा भाग १९६४ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' या मासिकात स्वतंत्र कथा म्हणून आला होता आणि पुढे तो 'सेमलीज नेकलेस' या नावाने ओळखला जाऊ लागला. फोमालहॉट या ताऱ्याभोवतीच्या एका कल्पित ग्रहावर हे कथानक घडते. त्या ग्रहावरील सरदारांचे गड, भूगर्भातील कारागीर, पंख असलेली वाहने आणि एकाकी प्रवासी नायक यांवर उत्तर युरोपातील नॉर्स पुराणकथांची छाया स्पष्ट दिसते. तथापि या छायेची नोंद करून थांबणे पुरेसे नाही. नॉर्स कथांत जे स्थान नियतीला आहे, ते या कादंबरीत काळाच्या भौतिक नियमाला मिळाले आहे आणि त्यामुळेच येथील पुराणकथा निव्वळ सजावट राहत नाही, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२. कंठहाराची कथा

नॉर्स परंपरेतील फ्रेया ही सौंदर्याची आणि प्रेमाची देवता. ब्रिसिंगामेन नावाचा तेजस्वी कंठहार तिच्याकडे आहे. तो तिने खुज्या कारागिरांकडून कसा मिळविला, याची कथा चौदाव्या शतकातील एका आइसलँडिक हस्तलिखितात येते. चार कारागीर आणि त्यांच्यासाठी दिलेल्या चार रात्री, असे त्या हाराचे मोल आहे. स्नोरी स्टुर्लुसन याने तेराव्या शतकात रचलेल्या गद्य 'एड्डा'त फ्रेयाविषयी आणखी एक तपशील आहे. दूर निघून गेलेल्या पतीसाठी ती रडते आणि तिचे अश्रू तांबूस सोन्याचे होतात. अलंकार, त्याचे मोल आणि पतीचा विरह ही तीन सूत्रे येथे ध्यानात घेण्याजोगी आहेत.

ले ग्विन यांच्या कथेत हीच सूत्रे नव्या रचनेत येतात. सेमली ही अंग्यार या सरदारवंशातील सुंदर तरुणी आहे. तिच्या कुळाचा नीलमणी जडविलेला कंठहार पूर्वी हरवलेला आहे. विवाहानंतर पतीच्या घरात रिकाम्या हाताने आल्याचे शल्य तिला बोचते. हार परत आणून पतीचा मान वाढवावा, या इच्छेने ती भूगर्भात राहणाऱ्या ग्डेमियार लोकांकडे जाते. हार घडविणारे हेच लोक. तो आता दूर आहे, पण तेथे जाऊन येण्यास केवळ एक दीर्घ रात्र लागेल, असे ते तिला सांगतात. सेमली त्यांच्या यानात बसते, परक्या ग्रहावरील संग्रहालयात पोहोचते, हार मिळविते आणि परतते.

तिच्या दृष्टीने खरोखरच एक रात्र सरलेली असते. परंतु ते यान प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जाणारे असल्याने ग्रहावर सोळा वर्षे उलटलेली असतात. पती दुर्हाल मरण पावलेला आहे आणि मागे ठेवलेली तान्ही मुलगी हाल्ड्रे आता तिच्याच वयाची तरुणी झाली आहे. ज्याच्यासाठी हार आणला तोच उरलेला नाही.

परलोकात एक रात्र घालवून परतलेल्या माणसाला आपला काळ नाहीसा झालेला आढळणे, हा कल्पनाबंध जगभरच्या कथांत आहे. मराठी वाचकाला येथे भागवत पुराणातील रैवत ककुद्मीची कथा सहज आठवेल. कन्या रेवतीसाठी वर विचारण्यास तो ब्रह्मलोकी जातो, चाललेले गायन संपेपर्यंत क्षणभर थांबतो आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे लोटतात. त्याने मनात योजलेल्या वरांचे वंशजही उरत नाहीत. दोन्ही कथांतील साम्य ठळक आहे. पण भेद अधिक बोलका आहे. पुराणकथेत ब्रह्मदेव स्वतःच मार्ग दाखवितो, रेवतीला बलराम वर म्हणून मिळतो आणि हानीची भरपाई होते. सेमलीच्या कथेत असा कोणी ब्रह्मदेव नाही. कालविस्ताराचा नियम कोणावर प्रसन्न होत नाही आणि कोणावर रागावतही नाही. कारण ठाऊक झाल्याने शोक हलका होत नाही, किंबहुना दोष द्यायला कोणी उरत नाही म्हणून तो अधिक निराधार होतो. सापेक्षतेच्या सिद्धांताने पुराणकथेचे 'स्पष्टीकरण' केले, असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. सिद्धांताने तिच्यातील सांत्वनाचा अंश काढून घेतला, हे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

३. नोंदवही आणि आख्यायिका

या प्रकरणाला दुसरी बाजू आहे. संग्रहालयात सेमलीला भेटणारा रोकॅनन हा मानववंशशास्त्रज्ञ आहे. ती कोण आहे हे जाणण्यासाठी तो एक मार्गदर्शक पुस्तिका उघडतो. तीत त्या ग्रहावरील जमातींची वर्गवारी आहे: ग्डेमियार, फिया, लियुआर. वाचकाने ज्यांना भूगर्भातील खुजे कारागीर, मोकळ्या रानातील हसरे यक्षसदृश लोक आणि गडांचे सरदार म्हणून पाहिलेले असते, ते येथे क्रमांक आणि वर्णन यांत बंदिस्त होतात. एकाच वास्तवाच्या या दोन भाषा आहेत आणि लेखिका त्यांतील कोणतीही एक खरी ठरवीत नाही. पुस्तिकेतील माहिती चुकीची नाही, पण समोर उभ्या असलेल्या स्त्रीने काय गमावले आहे हे तिच्यात कोठेच नाही.

ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे अमेरिकेतील अग्रगण्य मानववंशशास्त्रज्ञ होते. त्यांची आई थिओडोरा क्रोबर यांनी १९६१ मध्ये इशी या याही जमातीच्या अखेरच्या माणसाचे चरित्र प्रसिद्ध केले. इशी १९११ मध्ये कॅलिफोर्नियात एकटा आढळला आणि १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंतची बरीचशी वर्षे त्याने सान फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात काढली. संग्रहालयातील सेमलीचे दृश्य या चरित्रावरून थेट बेतले आहे, असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु संग्रहालयाच्या दालनात उभा असलेला जिवंत माणूस आणि त्याच्याविषयी आस्था असूनही त्याची नोंद करणारा अभ्यासक, ही परिस्थिती लेखिकेला घरातूनच परिचित होती, हे लक्षात ठेवणे उचित होईल.

४. ओडिनचा मार्ग

पुढील भागात रोकॅनन स्वतः त्या ग्रहावर येतो. बंडखोरांनी त्याचे यान आणि सहकारी नष्ट केल्यामुळे तो तेथे अडकतो. शत्रूचा तळ गाठून तेथील संदेशयंत्राद्वारे आपल्या संघाला वार्ता देण्यासाठी तो दक्षिणेकडे निघतो. सेमलीचा नातू मोगियन, क्यो नावाचा फिया आणि काही सेवक त्याच्यासोबत आहेत.

या प्रवासात संशोधकाचे क्रमाक्रमाने ओडिनमध्ये रूपांतर होते. ओडिन हा नॉर्स देवांचा प्रमुख असला तरी कथांत तो वारंवार वेषांतर केलेला वाटसरू म्हणून येतो आणि त्याच्या अनेक नावांपैकी काहींचा अर्थच 'भटका' असा आहे. रोकॅननलाही 'ओल्होर', म्हणजे भटका, असे नाव मिळते. पद्य 'एड्डा'तील एका काव्यात राजा गैररोद ओडिनला दोन अग्नींच्या मध्ये आठ रात्री बसवून ठेवतो आणि अखेर एक कोवळा मुलगा त्याला पेयाचे शिंग आणून देतो. रोकॅननलाही एक क्रूर सरदार आगीत उभा करतो आणि यहान हा सेवक त्याची सुटका करतो.

तथापि आगीतून रोकॅनन वाचतो तो दैवी सामर्थ्याने नव्हे, तर अंगावरील अदृश्य, अभेद्य पोशाखामुळे. हा दुवा कच्चा आहे. जादूच्या वस्तूला येथे केवळ शास्त्रीय नाव दिले गेले आहे आणि अशा पोशाखात माणूस श्वास कसा घेईल, या साध्या शंकेलाही उत्तर नाही. लेखिकेने नंतरच्या प्रस्तावनेत या पोशाखाची स्वतःच कठोर चिकित्सा केली आहे.

याउलट ज्ञानप्राप्तीचा प्रसंग सरस उतरला आहे. ओडिनने मीमिरच्या झऱ्यातील एका घोटासाठी आपला डोळा दिला. नॉर्स कथेत ज्ञान कधीच फुकट मिळत नाही. पर्वतातील गुहेत एक अतिप्राचीन व्यक्ती रोकॅननला शत्रूंची मने ऐकण्याची शक्ती देते आणि मोबदल्यात, जे द्यायला तो सर्वांत नाखूश असेल, ते मागते. हे मोल कोणते, हे थोड्याच वेळात कळते. मोगियन आपल्या पंखधारी वाहनावरून शत्रूच्या विमानावर झेपावतो आणि मरण पावतो. ओडिनने स्वतःचा अवयव दिला होता. येथे मोल दुसऱ्याच्या प्राणाने चुकते होते. करार करणारा जिवंत राहतो, हा फरक कादंबरीचा नैतिक भार वाढवितो.

५. संदेश, शस्त्र आणि माणूस

'ॲन्सिबल' हा शब्द ले ग्विन यांनी याच कादंबरीत घडविला आणि पुढे इतर विज्ञानकथाकारांनीही तो स्वीकारला. अंतर कितीही असो, हे यंत्र संदेश तत्क्षणी पोहोचविते. प्रकाशाहून वेगवान याने देखील या विश्वात आहेत, परंतु त्यांतून सजीव जाऊ शकत नाही. म्हणून ती केवळ मानवरहित शस्त्रे वाहतात. माणसाला मात्र सेमलीप्रमाणेच वर्षे मोजावी लागतात.

या तीन वेगांची मांडणी हे कादंबरीचे खरे वैज्ञानिक बळ आहे. वार्ता तत्काळ जाते, संहार तत्काळ येतो आणि सहवास तेवढा उशिरा पोहोचतो. रोकॅनन संदेश पाठवितो आणि शत्रूचा तळ भस्म होतो. पण नव्याने मिळालेल्या शक्तीमुळे त्याला तेथील माणसांचे मरण स्वतःच्या मनात अनुभवावे लागते. त्याला नेणारी माणसे येण्यास अजून कित्येक वर्षे आहेत. ती येतात तेव्हा तो मरण पावलेला असतो. त्यांच्या स्वागताला येणाऱ्या त्याच्या विधवेच्या गळ्यात सेमलीचा नीलमणी असतो. संघाने त्या ग्रहाला आपले नाव दिले, हे रोकॅननला कधीच कळत नाही. पुस्तिकेत इतरांची नावे वाचणारा अभ्यासक अखेर स्वतःच एक नोंद आणि एक आख्यायिका होतो.

६. समारोप

ही कादंबरी निर्दोष नाही. तिच्यातील साहसाचे प्रसंग कोठे कोठे केवळ एकापुढे एक येतात. अंग्यार सरदारांना सावळी कांती आणि सोनेरी केस देऊन लेखिकेने नॉर्स सौंदर्यकल्पनेला छेद दिला असला तरी जन्माने ठरलेली स्वामी-सेवकांची उतरंड रोकॅनन जवळजवळ निमूटपणे स्वीकारतो. जमातींचा अभ्यास करणाऱ्या नायकाच्या बाबतीत ही उणीव नजरेआड करता येत नाही.

तरीही विज्ञान-अद्भुतिकेच्या मूल्यमापनासाठी ही कृती एक उपयुक्त कसोटी पुरविते. विज्ञान जेथे पुराणकथेतील वस्तूला फक्त नवे नाव देते, तेथे कृती दुबळी होते. अभेद्य पोशाख हे त्याचे उदाहरण. विज्ञानाचा नियम जेथे पात्रांकडून पुराणकथेइतकेच कठोर मोल वसूल करतो, तेथे दोन्ही प्रकार एकजीव होतात. सेमलीची एक रात्र हे त्याचे उदाहरण. मराठीतील पुराणाधिष्ठित विज्ञानकथा वाचतानाही हाच प्रश्न विचारावा लागेल: प्राचीन अस्त्राला आधुनिक यंत्राचे नाव दिले, एवढेच घडले आहे, की त्या नावाबरोबर त्याची किंमत मोजणारा माणूसही कथेत आला आहे?