लिनक्सच्या डायल-इन सर्व्हरसाठी मॉडेम : काय करावे, काय टाळावे

बेटेगाव-बोईसर पट्ट्यातल्या कारखान्यातला लिनक्स सर्व्हर मुंबईत बसून सांभाळायचा असेल, तर इंटरनेट बंद पडल्यावर आत शिरायला दुसरी वाट हवी. रात्रपाळीत एकट्या असलेल्या माणसाचा तोच आधार असतो. फोन लाइनवरचे डायल-इन ही अशी वाट आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, तेव्हा घरोघरचे लोक याच वाटेने जोडले जात. आज मॉडेम बहुधा जुन्या बाजारातच मिळतो, म्हणून पारखूनच घ्यावा.

काय करावे

• आधी लाइन पाहा, मग मॉडेम. ०२५२५ चा तुमचा फोन तांब्याच्या तारेवर आहे की फायबरच्या डबीतून येतो, हे लाइनमनला विचारा. फायबरवर आवाज पॅकेटांतून जातो. एखादे पॅकेट हरवले तरी बोलणे कळते. मॉडेमची जोडणी मात्र तेवढ्याने तुटू शकते. जी.७२९ सारखा आवाज दाबणारा कोडेक असेल तर नाद सोडा. जी.७११ असेल तर कमी वेगावर, ९६०० वर, प्रयत्न करून पाहता येतो.

• बाहेरचा, स्वतःचा कंट्रोलर असलेला, सिरियल केबलचा मॉडेम घ्या. लिनक्सला तो साधा सिरियल पोर्ट दिसतो, ड्रायव्हर शोधावा लागत नाही. अडकला तर सर्व्हर बंद न करता नुसता मॉडेम बंद-चालू करता येतो, आणि समोरच्या दिव्यांवरून फोन उचलला की नाही, कॅरियर मिळाला की नाही, हे तिथला माणूस फोनवर सांगू शकतो.

• यूएसबीच घ्यायचा असेल तर सीडीसी-एसीएम जातीचा. जोडताच टीटीवायएसीएम० असे नाव दिसले पाहिजे.

• केबलमध्ये आरटीएस, सीटीएस आणि डीसीडी या तारा आहेत का, ते तपासा. डीसीडी नसेल तर पलीकडच्याने फोन ठेवल्याचे सर्व्हरला कळत नाही आणि लाइन अडकून राहते. पोर्टचा वेग ११५२०० वर कायम ठेवा.

• फोन सर्व्हरवरच्या एमगेट्टी या प्रोग्रामला उचलू द्या, मॉडेमला नको. त्यासाठी मॉडेमचे एस० रजिस्टर शून्य ठेवा. मॉडेमने आपोआप उचलला आणि सर्व्हर गोठलेला असला, तर फोन करणारा पैसे भरत शांतता ऐकत राहतो.

• फोन लाइनला आणि अडॉप्टरला सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग. जूनच्या आरंभी आणि ऑक्टोबरात कडाडणाऱ्या विजेने मॉडेम जळतात ते बहुधा फोनच्या तारेतून आलेल्या झटक्याने. यात काटकसर नको.

काय टाळावे

• विनमॉडेम. स्वस्त पीसीआय कार्डे आणि जुन्या लॅपटॉपमधले मॉडेम बहुतेक याच जातीचे. मॉडेमचे निम्मे काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकललेले असते आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजपुरता. लिनक्ससाठी काही ड्रायव्हर निघाले, पण ते ठरावीक कर्नलशी बांधलेले. एक अपडेट आणि वाट बंद. फुकट मिळाला तरी घेऊ नका.

• ‘५६के’ पाहून जास्त पैसे मोजणे. व्ही.९० चा तो वेग मिळायला सर्व्हरकडची बाजू आयएसडीएनसारख्या डिजिटल लाइनने एक्स्चेंजला जोडलेली लागते. दोन्हीकडे साध्या लाइनी असतील तर कमाल ३३.६. आदेश द्यायला आणि लॉग वाचायला तेवढे भरपूर.

• मोबाइलवरून डायल करणे. मोबाइलचा कोडेक मानवी आवाजासाठी बनलेला आहे, मॉडेमचा सूर त्यातून धड जात नाही. मुंबईच्या टोकालाही तांब्याचीच लाइन हवी.

• त्याच लाइनवर समांतर फोन. कोणी रिसीव्हर उचलला की जोडणी गेली.

• नंबर कोणाला ठाऊक नाही या भरवशावर सोपा पासवर्ड ठेवणे. ओळीने नंबर फिरवून मॉडेम शोधणारे प्रोग्राम फार जुने आहेत. कॉलबॅक ठेवा, म्हणजे सर्व्हर फोन ठेवून ठरलेल्या नंबरलाच उलट फोन करील. रूटला थेट लॉगिन बंद.

• परदेशातून आलेल्या मॉडेमचा अडॉप्टर न पाहता लावणे. ११० की २३०, एसी की डीसी, हे वाचल्याशिवाय प्लग नको.

आणि तुमच्या भागात तांब्याची लाइन मिळतच नसेल, तर चांगल्यातला चांगला मॉडेमही घेऊ नका. त्या पैशात वेगळ्या कंपनीचे सिम घालून ४जी राउटर बसवा आणि त्यावर व्हीपीएन चालवा.