शब्द एक, अर्थ दोन

फिलिपाइन बेटांतील लुझॉन बेटाच्या पश्चिम भागी पांगासिनान भाषा बोलतात. तिच्यातील नित्याची वाक्ये मलाय भाषेत उतरविणे प्रथम सोपे वाटते. कारण दोन्ही एकाच कुळातल्या. डोळ्यास दोहींत 'माता' व पाचास 'लिमा' म्हणतात. पण सारखेपणाच कधी फसवितो. पांगासिनानातील 'सालामात' म्हणजे आभार. मलायातील 'सेलामात' म्हणजे सुखरूप. हा आपल्या 'सलामत' शब्दाचाच भाऊ; मूळ अरबी. आभारासाठी मलाय मनुष्य 'तेरिमा कासिह', म्हणजे 'प्रीतीचा स्वीकार', असे म्हणतो.

याहून सूक्ष्म गोष्ट सर्वनामाची. ऐकणारास धरून आम्ही मराठी लोक 'आपण' म्हणतो, वगळून 'आम्ही'. पांगासिनानात तसेच 'सिकातायो' व 'सिकामी', मलायात 'किता' व 'कामी'. इंग्रजीत दोहोंस एकच शब्द. म्हणून इंग्रजीवरून भाषांतर करणारा श्रोत्यास नकळत दाराबाहेर ठेवतो. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत तिन्ही भाषांनी 'आमचा पिता' असाच अर्थ घेतला आहे. कारण तेथे ऐकणारा देव आहे. शेजाऱ्यास प्रार्थनेस बोलाविताना मात्र 'आपण'च हवे. विद्यार्थ्यांनो, भाषांतर करताना कोण ऐकतो आहे, हे आधी पाहा. शब्द मागाहून शोधा.